आरोन एकदाच गप्प बसला

"आरोनभाऊ, ऐकताय ना? की लाइन गेली?"

लाइन गेली नव्हती. इस्रायलमधल्या अश्दोदहून मिलका पेणकर बोलत होती आणि आवाज इतका स्वच्छ येत होता की तिच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरची घरघरही ऐकू येत होती. आरोन आपटेकर टेबलावर ठेवलेल्या मोबाइलकडे बघत बसला होता. समोरच्या फिरत्या खुर्चीत एलियाहू झिराडकर होता, आणि तो आरोनकडे बघत होता.

"ऐकतोय," आरोन म्हणाला.

"मग सांगा ना. आमची होणारी विहीण रूबी, तिच्या आईची आई. कबरीवर कमळाबाई लिहिलंय. फोटो आलाय माझ्याकडे, कोणी पाठवला ते विचारू नका. आता कमळाबाई म्हणजे... आपल्यातलीच होती ना? की कुणी बाहेरची करून आणलेली? इथे लग्नाच्या वेळी ज्यू की नाही ते आईकडून आजी-पणजीपर्यंत विचारतात हो. उद्या पोरांना त्रास नको. पनवेलची सगळी घराणी तुम्हाला पाठ. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

उत्तर अगदी सोपं होतं. बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, त्या पिढीतल्या कितीतरी बायकांची नावं अशीच असत. कोकणात राहायचं, शेजारणींसारखं लुगडं नेसायचं आणि शेजारणींसारखीच नावं ठेवायची, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खुद्द मिलकाची आजी भामाबाई होती आणि त्याच कबरस्तानात, कमळाबाईच्याच रांगेत ती झोपली होती. "अगं मिलके, मग तुझी भामाआजी कुठून आणली होती, द्वारकेहून?" एवढं एक वाक्य आरोनने टाकलं असतं, तरी मिलका खळखळून हसली असती आणि विषय तिथेच मिटला असता. असली वाक्यं आरोनला शोधावी लागत नसत. आताही ते ओठांपर्यंत आलं होतं.

एलियाहूने खुर्ची जराशी फिरवली.

"मिलका," आरोन म्हणाला, "जुन्या गोष्टी आहेत. मला त्यात पाडू नकोस."

पलीकडचा मिक्सर बंद झाला.

"म्हणजे?"

आरोन काही बोलला नाही.

"बरं," मिलका म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "समजले मी. उपकार झाले, भाऊ. दुसरा कोणी असता तर गोड बोलून फसवलं असतं आम्हाला."

फोन बंद झाला. एलियाहूने बेल मारून दोन चहा सांगितले.

"खोटं बोललास का तू?" तो म्हणाला. "एक शब्द तरी? मग तोंड कशाला पाडतोस?"

आरोनचं तोंड पडलेलं कोणी फारसं पाहिलं नव्हतं. अख्ख्या जुन्या पनवेलात त्याच्याइतका फटकळ माणूस नव्हता. बी.ए. झालेला, वाचलेला, शाळेत मास्तर होण्याची हौस असलेला हा माणूस आयुष्यभर एलियाहूच्या ऑफिसात, बंदरावर जाणाऱ्या त्याच्या ट्रेलरचे कागद सांभाळत राहिला, आणि त्याचा सगळा राग जिभेत उतरला. नगरसेवकापासून मासळीवालीपर्यंत प्रत्येकाला त्याने नाव ठेवलेलं होतं. एलियाहूला तो तोंडावर फारो म्हणायचा, यहुद्यांना गुलाम करून राबवणारा मिसरचा राजा. सकाळी ऑफिसात शिरताना, "काय फारो, आज किती जणांना विटा पाडायला लावल्यात?" असं ड्रायव्हरांसमोर विचारायचा. ड्रायव्हर खाली मान घालून हसायचे आणि एलियाहू सगळ्यांत मोठ्याने हसायचा. जेवणात लोणचं लागतं तसा त्याला आरोन लागायचा. आरोन मात्र समजत होता की आपण एकटेच काय ते या माणसाला घाबरत नाही.

रूबीवरचा एलियाहूचा राग दोन वर्षं जुना होता. त्याने आपल्या मुलासाठी रूबीच्या ओर्लीला मागणी घातली होती. एका घरी नवस फेडायचा मलिदा होता. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळांचं ताट मध्ये ठेवून प्रेषित एलियाहू हनाबींचं नाव घेऊन झालं होतं, आणि प्रसाद वाटता वाटता कुणा बाईने रूबीला विचारलं, काय ठरलं गं? रूबी सरळ म्हणाली, "मुलगा चांगला आहे. पण त्या घरात माझ्या मुलीला मोठ्याने हसता येणार नाही." एवढंच. ते वाक्य ठाण्यापर्यंत पोचलं, ते मात्र आरोनमुळे. त्याने ते इतक्यांना सांगितलं, एलियाहूच्या दरडावण्याची नक्कल करकरून सांगितलं, की शेवटी एलियाहूच्या मुलाने समाजाच्या कार्यक्रमांना यायचंच सोडलं. तो पुढे कॅनडाला गेला तो गेलाच.

आणि आता ओर्लीचं मिलकाच्या योनातनशी जमलं होतं. पोरगा मागच्या वर्षी आजोबांचं गाव बघायला आला आणि ओर्लीने त्याला आपटे गावच्या नदीपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंत सगळं दाखवलं. तेव्हापासून रोज दोघं फोनवर. रूबीने साड्यासुद्धा घ्यायला सुरुवात केली होती.

"मिलका फोन करील. कबरीचा फोटो पोचलाय तिच्याकडे," एलियाहूने त्या फोनच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. "तू खोटं बोलू नकोस, तुला जमायचं नाही. तू फक्त गप्प बस."

आठवड्याभरात रूबी ऑफिसच्या पायरीवर येऊन उभी राहिली. ती खांदा कॉलनीत राहायची. आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली बाई, चप्पल न वाजवता चालायची तिला सवय. आरोनची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ड्यूटीवरून परस्पर येऊन हीच तिच्या पाठीच्या जखमा धुवायची. आई ओरडायची, शिव्या द्यायची, आणि रूबी म्हणायची, "द्या मावशी, अजून एक द्या, आज कमीच दिल्यात."

"एलियाहू आहे आत?" तिने विचारलं.

"नाही. उरणला गेलाय."

"बरं झालं. तुझ्याकडेच आलेय." ती बसली नाही. "मिलकाने नाही म्हणून कळवलंय. कारण सांगत नाही नीट. योनातनने ओर्लीला सांगितलं, आजीचं काहीतरी निघालंय म्हणे. कमळाआजीचं. आरोन, माझी आजी रे! शब्बाथला दिवा लावल्याशिवाय पाणी प्यायची नाही ती. कोणी उठवलं असेल हे?"

आरोनने टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"तू बोल ना मिलकाशी," रूबी म्हणाली. "तुझं ऐकेल ती. तू कोणाची भीडभाड ठेवत नाहीस हे सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तिला वाटेल मी शिकवून पाठवलंय."

"ओर्ली कशी आहे?"

"कामावर जाते. येते. जेवते. मला वाटलं रडेल, भांडेल. ती मलाच विचारते, मम्मी, तू जेवलीस का? ते बघवत नाही."

"करतो मी फोन," आरोन म्हणाला.

रूबीने त्याच्या दंडावर हात ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली. तिचा हात होता तिथे आरोनला कितीतरी वेळ पोळल्यासारखं वाटत राहिलं. लाज वाटते म्हणजे नक्की काय होतं, हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. तो दुसऱ्यांना लाजवत आला होता.

त्याने तिथूनच फोन लावला. सगळं सांगितलं. कमळाबाई कोणाची मुलगी, नवगावहून लग्न होऊन कशी आली, तिच्या नवऱ्याची तेलाची घाणी कुठे होती, सगळं.

मिलकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रूबी आली होती ना तुमच्याकडे?"

"आली होती. पण त्याचा काही संबंध नाही."

"आईची माया, मी समजू शकते. तिच्यावर राग नाही माझा. पण भाऊ, त्या दिवशी तुम्ही खरे बोललात. आज शेजारधर्म करताय."

"त्या दिवशी मी काही बोललोच नव्हतो, मिलका!"

"तेच तर. तुमच्यासारखा माणूस गप्प बसला. आरोनभाऊ आपटेकर गप्प बसले! मी तेव्हाच समजले, काहीतरी मोठंच असणार."

आरोनचा तोल गेला. "अगं बये, तुझी आजी तरी कोण होती? भामाबाई! तिच्या दगडावर जाऊन बघ काय लिहिलंय ते. तेव्हा नाही तुला विचारावंसं वाटलं?"

आठवड्यापूर्वी जे वाक्य हसण्यावारी गेलं असतं, ते आता चपराकीसारखं लागलं. पलीकडे मिलका रडायला लागली. "माझ्या मेलेल्या आजीवर गेलात तुम्ही," ती म्हणाली. "लोक म्हणतात ते खरंय. तुमच्या जिभेला हाड नाही." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने आरोनचा फोन उचलला नाही.

संध्याकाळी एलियाहू परत आला तेव्हा आरोन दारातच उभा होता.

"तू नीच माणूस आहेस," तो म्हणाला.

"हं," एलियाहूने बूट काढत विचारलं, "पुढे?"

"त्या पोरीने तुझं काय वाकडं केलं होतं? त्या बाईने खरं बोलून दाखवलं एवढंच ना? तुझ्या घरात भिंतीसुद्धा मोठ्याने हसत नाहीत. तुझा मुलगा कॅनडात का पळाला हे तुला माहीत आहे. तू—"

एक ड्रायव्हर आत डोकावला. "शेट, गाडी लागली हाय. कागद द्या, नायतर उरणला पोचाया टाइम व्हईल."

आरोनने बोलता बोलता फाइल उचलून त्याच्या हातात दिली. इतक्या रागातसुद्धा हात आपोआप गेला. एलियाहूने ते पाहिलं आणि तो हसला. वाईट हसला नाही, नेहमीसारखाच हसला.

"मी तुझं तोंड दाबलं होतं का रे?" तो म्हणाला. "रोज चारचौघांत मला फारो म्हणतोस. मी कधी काही केलं तुला? नोकरीवरून काढलं? त्या दिवशीही बोलला असतास, तर काय केलं असतं मी? दोन दिवस रागावलो असतो. तिसऱ्या दिवशी तुलाच चहाला बोलावलं असतं. तू बोलला नाहीस. का नाही बोललास ते तुझं तुला माहीत."

एलियाहू म्हणत होता ते खरं होतं. त्याने काहीच केलं नसतं.

तो ऑफिसातून बाहेर पडला आणि तळ्याच्या कडेने चालत राहिला. मग का गप्प बसलो? नोकरीची भीती, म्हातारपण, मालकाचं मीठ, अशी सगळी कारणं त्याने स्वतःपुढे मांडून पाहिली आणि एकही टिकलं नाही. खरं कारण फार हलकट होतं. त्याचे दोन्ही भाऊ इस्रायलला गेले. वर्गातले गेले, गल्ली गेली. आईसाठी तो मागे राहिला, आणि आई गेल्यावर जायचं त्याचं वय राहिलं नाही. गेलेल्यांच्या बंद घरांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत; महिन्यातून एकदा तो ती घरं उघडून झाडून घ्यायचा. ओर्लीही जाणार, पाठोपाठ रूबी जाणार, आणि त्यांचीही किल्ली आपल्याच हातात येणार, हे त्या फोनवर मिलकाचा आवाज ऐकताना त्याच्या मनात आलं होतं. एका मुलीचं सुख त्याला सहन झालं नाही. एलियाहूने फक्त दार उघडून दिलं होतं. आत तो स्वतःच्या पायांनी गेला होता. आरोनला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसला गेला नाही.

मग दारफाळणी आली. किप्पुरच्या मोठ्या उपासाला जुनी माणसं दारफाळणी म्हणतात. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि त्याआधी, ज्याचं आपल्या हातून वाईट झालं असेल त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. हल्ली बहुतेक जण हे काम व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवून उरकतात. उपास सूर्यास्ताला लागायचा; त्या दुपारी आरोन रिक्षा करून खांदा कॉलनीला गेला.

दार रूबीने उघडलं. आत ओर्ली उपासासाठी पांढऱ्या साड्यांना इस्त्री करत होती. त्याला बघून ती म्हणाली, "या मामा. मम्मी, मामांना सरबत दे ना, मग उद्या संध्याकाळपर्यंत काही मिळायचं नाही."

"सरबत नको," आरोन म्हणाला.

"तू मिलकाला फोन केलास, मला कळलं," रूबी म्हणाली. "योनातनने सांगितलं ओर्लीला. नाही ऐकलं तिने, तो तिचा प्रश्न. तू केलंस ते मी विसरणार नाही, आरोन."

आता जर तो सरबत पिऊन परत गेला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. रूबी त्याला जन्मभर चांगला माणूस म्हणत राहिली असती. हे त्याच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याला जास्तच लाज वाटली.

"तो दुसरा फोन होता," तो म्हणाला. "पहिला फोन मिलकाने मला केला होता. तिने कमळाआजीबद्दल विचारलं. मी सांगितलं नाही. मला त्यात पाडू नकोस म्हणालो आणि गप्प बसलो. त्यावरून तिने काय समजायचं ते समजली."

इस्त्रीचा आवाज थांबला.

"एलियाहूने सांगितलं?" रूबीने विचारलं.

"त्याने सांगितलं होतं. पण त्याच्यामुळे नाही."

"मग का, मामा?" ओर्लीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

आरोनला आयुष्यात शब्द कधी कमी पडले नव्हते. आता एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागला. "तू जाणार होतीस म्हणून," तो म्हणाला. "सगळे गेले. तूही चाललीस. मला... मला ते बघवलं नाही."

ओर्लीने इस्त्रीची पिन काढली. साडीची घडी घातली, ती वाकडी झाली म्हणून मोडली, आणि पुन्हा घातली. मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. ती रडत होती. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच रडत होती, हे रूबीच्या चेहऱ्यावरून आरोनला समजलं.

"मी माफी मागायला आलो होतो," तो म्हणाला.

रूबी बंद दाराकडे बघत होती. "तू जा आता," ती म्हणाली.

त्याच दिवशी सूर्य कलायला लागला तसे लोक सिनेगॉगमध्ये जमू लागले. जुनी माणसं त्याला अजून मशीदच म्हणतात. प्रार्थना चालवायला हज्जान ठाण्याहून आला होता. आरोन आंघोळ करून, पांढरे कपडे घालून निघाला खरा, पण आत जाण्याचं धाडस त्याला झालं नाही. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो बसून राहिला. रस्त्यावर ऑक्टोबरची धूळ होती, आणि वडापावच्या गाडीवर गर्दी होती. माणसं एकेकटी येत होती, टोपी सारखी करत आत जात होती. एलियाहू मोटारीतून उतरला, त्याने आरोनकडे एकदा पाहिलं आणि तोही आत गेला.

दहा पुरुष जमल्याशिवाय ती प्रार्थना पुरती म्हणता येत नाही. पूर्वी या दिवशी बाकांवर जागा मिळत नसे. आता पेणहून यायचे त्यांचा फोन आला होता की गाडी बंद पडली. दारात एक-दोघं येऊन रस्त्याकडे बघून गेले. मग एलियाहू आला.

"आरोन!" तो उंबऱ्यातूनच ओरडला. "नाटकं पुरे झाली. चल आत."

आरोन उठला नाही. कुठल्या तोंडाने जाणार होता? आज सगळे जण देवापुढे आपापली पापं सांगायला उभे राहणार, आणि त्याचं पाप तिथेच, बायकांच्या बाजूला, पांढरी साडी नेसून बसलेलं असणार. ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. अंधार पडायच्या आत सुरुवात झाली नाही, तर ज्यांनी आपल्या मेलेल्यांची नावं घ्यायला वर्षभर वाट पाहिली त्यांना तसंच घरी जावं लागणार होतं.

एलियाहू आत वळला आणि थोड्या वेळाने रूबी बाहेर आली. डोक्यावर पदर होता. वडापावच्या गर्दीतून वाट काढत ती रस्ता ओलांडून थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नऊच आहेत आत," ती म्हणाली.

"रूबी, मी येण्याच्या लायकीचा..."

"मी तुला माफ केलेलं नाही," रूबी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. पेशंटला औषधाची वेळ सांगावी तशी ती बोलली. "करीन की नाही, मला माहीत नाही. पण आत ये. तुझ्यामुळे आणखी कोणाचं अडायला नको."

ती वळली. आरोन उठला आणि तिच्यामागून, थोडं अंतर ठेवून चालू लागला. दाराशी चपला काढल्या, डोक्यावर टोपी घातली. रूबी बायकांच्या बाजूला निघून गेली. तिकडे ओर्ली होती, आणि तिकडे बघायचं नाही हे त्याने ठरवलं होतं. मोकळी जागा एकच दिसत होती, एलियाहूच्या शेजारी. एलियाहू सरकला. आरोन तिथे बसला.

कोणीतरी उठून बाहेरचं दार लावून घेतलं. वडापावच्या गाडीचा आवाज बंद झाला.

"झाले का पूर्ण?" हज्जानने विचारलं.

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मागे वळून बोटाने माणसं मोजली. आरोनपाशी आल्यावर त्याचं बोट क्षणभर थांबलं.

"झाले," तो म्हणाला.